भिंत हाताला पांढरं लावत असेल, तर रंगाआधी काय करायचं

गडद रंगाचं एक सुती कापड घ्या आणि भिंतीवरून दीड-दोन वीत जोर देऊन फिरवा. कापड स्वच्छ राहिलं तर उत्तम. भिंत झाडा, पुसा आणि कामाला लागा. पण त्यावर खडूने ओढल्यासारखा पट्टा उमटला, तर थांबा. नवा रंग भिंतीला चिकटणार नाही, तो या भुकटीला चिकटेल. आणि ती भुकटी भिंतीला किती घट्ट धरून आहे, हे कापडाने आत्ताच दाखवलं आहे.

रंग कितीही चांगला घेतला तरी तो फक्त सगळ्यात वरच्या थराला धरतो. तो थर खालून सुटला की रंगही त्याच्याबरोबर खाली येतो. कच्च्या थरावर भारी रंग लावला तर काम उलट लवकर बिघडू शकतं, कारण रंग वाळताना आकसतो आणि खालच्या थराला आपल्याकडे ओढतो. पापुद्रा जितका चिवट, तितकी ओढ जास्त. वर्षभरात रंग गळाला की दोष रंगाला दिला जातो. पण अशा गळालेल्या भिंती मी जेव्हा जेव्हा खरवडून पाहिल्या, तेव्हा रंगाचा पापुद्रा अखंड होता. त्याच्या पाठीला मात्र पांढरी भुकटी चिकटलेली होती.

भुकटी येते कुठून

रंगात ढोबळमानाने तीन घन गोष्टी असतात. एक, रंगद्रव्य. दोन, भराव म्हणून घातलेली पांढरी खनिज पूड, म्हणजे खडू, टाल्क असलं काही. तीन, या सगळ्या कणांना एकमेकांशी आणि भिंतीशी बांधणारा चिकट पदार्थ. त्याला बाइंडर म्हणतात. इथे मी सोयीसाठी डिंक म्हणेन. पाणी किंवा थिनर हा फक्त वाहक, तो उडून जातो. डिंक कमी पडला किंवा खराब झाला की पूड मोकळी होते आणि हाताला लागते.

बाहेरच्या भिंतीवर डिंक खराब करणारा मुख्य शत्रू म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण डिंकाच्या लांब साखळ्या तोडत राहतात, पृष्ठभाग हळूहळू झिजतो आणि रंगद्रव्य उघडं पडतं. ही झीज इतकी सार्वत्रिक आहे की ती मोजायला एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेची डी ४२१४ ही प्रमाणित चाचणी पद्धतच आहे. आपण कापडाने केलं, जवळपास तेच तिथे ठरावीक रीतीने करतात.

घराच्या आत ऊन फारसं नसतं, तिथे कारणं वेगळी. रंग पुरवायचा म्हणून त्यात पाणी जास्त घातलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक कणाच्या वाट्याला डिंक कमी येतो. किंवा भिंत फार कोरडी आणि शोषून घेणारी असते. ती रंगातलं पाणी क्षणात पिते आणि डिंकाला नीट पापुद्रा धरायला वेळच मिळत नाही. जुना साधा डिस्टेंपर असेल तर तो मुळातच खडूची पूड आणि सरस यांचं मिश्रण. सरस पाण्यात पुन्हा विरघळतो, म्हणून डिस्टेंपरवर ओला हात फिरवला की पेस्ट होते. चुन्याचं आणखी निराळं. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा होतो, आणि त्यासाठी त्याला काही काळ ओलसरपणा लागतो. कडक उन्हात किंवा तापलेल्या भिंतीवर लावलेला चुना घाईने सुकतो आणि भुकटी होऊन बसतो. सिमेंट पेंटलाही हेच लागू आहे. लावल्यावर त्याला पाणी मारलं नाही, तर त्यातलं सिमेंट पुरतं पकडतच नाही.

पापुद्र्याची पाठ बघा

पोपडे सुटलेली भिंत असेल तर तिचं निदान करायला सगळ्यात चांगलं साधन फुकट मिळतं: सुटलेला पापुद्रा. तो कचऱ्यात टाकण्याआधी उलटा करून उजेडात धरा.

पाठीला पांढरी मऊ भुकटी असेल तर खालचा थर खडूसारखा झालेला आहे. जुना चुना, डिस्टेंपर किंवा झिजलेला रंग. पाठीला वाळूचे कण दिसले तर रंगाचा दोष नाही, गिलावाच कच्चा आहे. तिथे नखाने टोकरलं तरी वाळू गळते. पाठ गुळगुळीत, स्वच्छ आणि चकचकीत असेल तर खाली ऑइल पेंट असणार. त्यावर न घासता पाण्याचा रंग लावला होता, त्याला धरायला काही मिळालंच नाही. पाठीला जाडसर पांढरा थर अखंड निघून आला तर लांबी (पुट्टी) सुटली आहे. बहुधा ती धुळीवर किंवा जुन्या रंगावर ओढली होती. आणि पाठ दमट असेल, त्यावर कापसासारखे किंवा बारीक स्फटिकांसारखे पुंजके असतील, तर ओल आहे आणि भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारे क्षार, लागला आहे.

लोणा आणि साधी भुकटी यांत गल्लत फार होते, आणि ती महागात पडते. फरक ओळखायचा तर ती पांढरी पूड थोडी खरवडून पेलाभर पाण्यात टाका आणि ढवळा. लोण्याचे क्षार बरेचसे विरघळून जातात. खडूची पूड पाणी गढूळ करते आणि तळाशी बसते. व्हिनेगर टाकून फसफस बघायची युक्ती इथे उपयोगी नाही, कारण खडू आणि जुना चुना तर फसफसतातच, पण लोण्यातले काही क्षारही फसफसतात.

एक आवाजाची परीक्षाही करून टाका. स्क्रेपरच्या मुठीने भिंत जागोजागी ठोका. खणखणीत आवाज आला तर गिलावा धरून आहे; बद्द आवाज आला तर तो आतून सुटलेला आहे. त्या जागेवर कुठलंही द्रावण लावून काही होत नाही. तेवढा गिलावा पाडून नवा करणं हाच मार्ग.

ओल असेल तर बाकी सगळं नंतर

भिंतीत पाणी येत असताना तिला सील करणं ही या कामातली सगळ्यात मोठी चूक आहे. पाणी क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतं. भिंत उघडी असेल तर पाणी उडतं आणि क्षार बाहेर पडतात. दिसायला वाईट, पण झाडून काढता येतात. वर पापुद्रा असेल तर पाण्याची वाट अडते आणि स्फटिक त्या पापुद्र्यामागे वाढतात. वाढणारा स्फटिक एवढा दाब देतो की तो रंग तर उचलतोच, गिलावाही फोडतो. म्हणजे सीलरने (भुकटी बांधायला लावतात त्या पातळ द्रावणाने) भिंत वाचत नाही, नुकसान एक थर आत सरकतं.

ओल आहे की नाही हे कळायला साधी चाचणी: साधारण ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले किंवा भिंत गडद दिसली तर ओल आतून येते आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट वाफ आहे, आणि उपाय हवा खेळती ठेवण्याचा आहे.

गळका पाइप, तुंबलेली पन्हळ, बाहेरच्या बाजूची भेग, पायातून वर चढणारी ओल: जे असेल ते आधी बंद करा आणि भिंत सुकू द्या. जाड भिंतीला सुकायला महिनेही लागतात. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही, पण इथे घाई केली तर सगळं काम पुन्हा करावं लागतं. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, गोळा करून बाहेर टाका, काही दिवसांनी पुन्हा झाडा. पाण्याने धुऊ नका. विरघळलेले क्षार पुन्हा भिंतीत शिरतात.

खरवडायचं किती

जिथवर निघतं तिथवर. हे उत्तर टाळाटाळीचं वाटेल, पण त्याला पर्याय नाही. स्क्रेपर तिरका धरून चालवा. जे सहज सुटतं ते सगळं जायला हवं. जे जोर लावूनही हलत नाही ते राहू द्या. घट्ट बसलेल्या रंगाच्या कडा पॉलिश पेपरने घासून उतरत्या करा, म्हणजे बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. जाड कडेला ८० नंबरचा पेपर, नंतर १२० किंवा १५०. ऑइल पेंट असेल तर चकाकी पूर्ण मरेपर्यंत घासा.

डिस्टेंपर आणि चुन्याचे जाड थर कोरडे खरवडायला जाल तर खोलीभर धूळ होते. त्यापेक्षा स्पंजने कोमट पाणी लावा, दहा मिनिटं मुरू द्या आणि मऊ झाल्यावर खरवडा. साधा डिस्टेंपर असा जवळजवळ पूर्ण धुऊन काढता येतो, आणि काढायलाच हवा. चुन्याचे वर्षानुवर्षं चढलेले दहा-पंधरा हात असतील तर मात्र चिकाटी लागते.

इथेच लोकांचा धीर सुटतो आणि ‘सीलर मारला की झालं’ हा विचार येतो. तो का चुकतो हे समजून घ्या. सीलर जितका आत झिरपतो तितकाच भाग घट्ट होतो. भुकटीचा थर पातळ असेल तर तो थरातून पार होऊन खालच्या पक्क्या भागापर्यंत पोचतो आणि दोघांना बांधतो. थर जाड असेल तर वरचं कातडं कडक होतं आणि खाली भुकटी तशीच मोकळी राहते. मग नवा रंग, त्याखालचं कडक कातडं, सगळं मिळून तव्याएवढ्या तुकड्यांनी सुटतं. सीलर उरलेल्या भुकटीसाठी असतो. न काढलेल्या भुकटीसाठी नाही.

जुन्या इमारतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये निर्बंध आले, इतर देशांत वेगवेगळ्या वेळी. आज संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रम ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, कमाल मर्यादा सुचवतो. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. शंका असेल तर आधी तपासून घ्या. शिसं निघालं तर कोरडं घासू नका, ज्योतीने रंग जाळून काढू नका, गरोदर स्त्रिया आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवा आणि शक्यतो हे काम त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडून करून घ्या. शिसं नसलं तरी घासताना धूळ अडवणारा एन ९५ मास्क घाला. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ थांबवत नाही.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर तेही रंगाआधी साफ व्हायला हवेत. ब्लीच वापरलंत तर खिडक्या उघड्या ठेवा आणि ते आम्लयुक्त किंवा अमोनियायुक्त क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

खरवडून झाल्यावर धूळ काढणं हे स्वतंत्र काम समजा. वरून खाली मऊ ब्रशने झाडा, जमल्यास व्हॅक्यूम फिरवा, मग घट्ट पिळलेल्या ओल्या स्पंजने पुसा. पाणी दोन-तीनदा बदला. भिंत पूर्ण वाळली की पुन्हा ते गडद कापड. आता पट्टा अगदी फिकट असेल किंवा नसेलच. फिकट असेल तर सीलरची वेळ आली.

सीलर नेमकं काय करतो

साध्या पाण्याच्या रंगात डिंकाचे सूक्ष्म गोळे तरंगत असतात, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. रंगद्रव्य आणि भरावाचे कण त्याच मापाचे किंवा त्याहून बरेच मोठे. असा रंग भुकटीवर लावला की भुकटी गाळणीसारखी वागते: पाणी आत जातं, डिंक आणि रंग वरच अडतात. आत झिरपणाऱ्या सीलरमध्ये रंगद्रव्य जवळजवळ नसतं, आणि डिंकाचे कण फार बारीक असतात किंवा डिंक थिनरमध्ये पूर्ण विरघळलेला असतो. म्हणून तो मोकळ्या कणांमधून खाली उतरतो आणि वाळताना त्यांना जागच्या जागी बांधतो.

दुकानात प्रायमर आणि सीलर हे शब्द सरमिसळ वापरले जातात, त्यामुळे नावावर जाऊ नका. डबा हलवून उघडा. दुधासारखा पातळ किंवा पारदर्शक, पाण्यासारखा वाहणारा द्रव असेल तर तो झिरपणारा आहे. दाट पांढरा असेल तर तो अस्तराचा प्रायमर. त्याचं काम वेगळं, त्याची पाळी नंतर. डब्यावर भुकटी येणाऱ्या किंवा शोषून घेणाऱ्या पृष्ठभागासाठी असल्याचा उल्लेख आहे का, तेही वाचा. थिनरवाला सीलर जास्त खोल जातो, पण त्याची वाफ डोकं धरते आणि पेट घेऊ शकते. बंद खोलीत मी पाण्यावालाच घेईन आणि भिंत जास्त मेहनतीने साफ करेन.

लावताना रोलरपेक्षा रुंद ब्रश बरा, कारण ब्रश द्रव कणांमध्ये दाबतो. भिंतीला हवा तेवढाच द्या. ती पीत असेल तर पहिला हात ओला असतानाच दुसरा फिरवता येतो, पण ओघळ दिसले की पुसून घ्या. वाळल्यावर भिंत मॅट दिसायला हवी. काचेसारखी चमक आली तर सीलर जास्त झाला आहे. तो आत न जाता वर साचला आणि आता नवा रंग त्या गुळगुळीत कातडीवरून घसरेल. अशी चमक हलक्या हाताने घासून मारावी लागते. थंडीत १० अंश सेल्सिअसच्या खाली आणि ऊन लागून तापलेल्या भिंतीवर हे काम करू नका.

सुतारकामाचा पांढरा गोंद पाण्यात कालवून भिंतीला लावायचा उपाय बऱ्याच ठिकाणी सांगितला जातो. तो करू नका. तो गोंद आत फारसा जात नाही, वर पापुद्रा धरतो आणि ओल लागली की पुन्हा मऊ पडतो. नेहमीचाच रंग पातळ करून पहिला हात द्यायचा, ही रीत नव्या, घट्ट, कोऱ्या गिलाव्यावर ठीक आहे. भुकटीवर ती उपयोगी नाही. पाणी घातल्याने डिंकाचे कण बारीक होत नाहीत, फक्त विरळ होतात.

लांबी सीलरनंतर

क्रम चुकला की आधीची मेहनत वाया जाते. खरवडणं, धूळ काढणं, सीलर, मग खड्डे आणि भेगांत लांबी, घासणं, पुन्हा धूळ काढणं, अस्तर, रंग. लांबी भुकटीवर ओढली तर ती त्या भुकटीसकट सुटते. आणि लांबी घासल्यावर उडणारी पूड ही पुन्हा तीच पांढरी भुकटी आहे. दहा दिवस खपून भिंत पक्की करायची आणि शेवटी लांबीची धूळ न पुसता त्यावर अस्तर मारायचं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की याच जागी ठळक अक्षरात पाटी लावावीशी वाटते. ओला स्पंज, पुन्हा एकदा.

नवा सिमेंटचा गिलावा केला असेल तर त्याला साधारण २८ दिवस द्या. ताजं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२-१३ पर्यंत असतो. अशा भिंतीवर तेलाधारित रंग लावला तर तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि थर चिकट पडतो. तिथे अल्कलीला टिकणारं अस्तरच वापरा.

चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्याच्या जुन्या भिंतींबद्दल माझं मत वेगळं आहे: त्यांना प्लास्टिकच्या जातीच्या सीलरने बंद करू नका. या भिंती ओल शोषतात आणि बाहेर सोडतात, त्यावरच त्या टिकल्या आहेत. सैल थर काढून, भिंत ओलसर करून, पुन्हा चुन्याचे पातळ हात द्या. प्रत्येक हात सावकाश सुकू द्या. दुसरा पर्याय सिलिकेट रंगाचा. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातली पोटॅशियमची जलकाच (पाण्यात विरघळलेलं पोटॅशियम सिलिकेट) खनिज पृष्ठभागाशी रासायनिक रीतीने जोडली जाते, भिंतीवर प्लास्टिकचा पापुद्रा बनत नाही. मात्र खाली जुना अॅक्रिलिक रंग शिल्लक असेल तर जोडायला खनिजच मिळत नाही, म्हणून तो आधी पूर्ण काढावा लागतो.

सगळी भिंत रंगवण्याआधी

हातभर लांबी-रुंदीचा एक तुकडा निवडा, तोही सगळ्यात वाईट कोपऱ्यातला. तिथे सीलर, अस्तर आणि रंगाचा एक हात असा पूर्ण क्रम करा आणि किमान चोवीस तास वाळू द्या. काही दिवस थांबता आलं तर जास्त चांगलं. मग धारदार ब्लेडने रंगातून खालपर्यंत फुलीचा काप द्या, प्रत्येक रेघ सुमारे ४ सेंटिमीटरची. त्यावर चांगली चिकटपट्टी बसवा, बोटाने घट्ट चोळा आणि एका झटक्यात मागे ओढा.

पट्टी कोरी आली, किंवा कापाच्या रेघांशी कणभर रंग आला, तर भिंत तयार आहे. पट्टीवर रंग आला आणि त्याच्या पाठीला पांढरी भुकटी असेल, तर सीलर पुरेसा खोल गेला नाही. आणखी खरवडा आणि पुन्हा तपासा. वाळू आली तर गिलावा बघा. आणि भिंतभर रंग लावताना रोलर फिरवल्यावर फुगे उठले किंवा जुना रंग रोलरला गुंडाळून यायला लागला, तर तिथेच काम थांबवा. ओल्या रंगाने खालचा थर भिजून फुगला आहे. तेवढा भाग वाळू द्या, सुटलेलं सगळं काढा आणि त्या जागेपुरतं धूळ काढण्यापासून पुन्हा सुरू करा.